छबूबाईचा खुलासा

"मास्तर, एक शब्द इचारला तर तुमी सहा सांगताय. ह्या सहांतला माझा कंचा, तेवढं बोला."

"छबूबाई, डिक्शनरीत सहा दिलेत. त्याला मी काय करू?"

"मंग ती डिक्शनरी मिटा आन तुमच्या डोक्यानं सांगा."

गहिनीनाथ मास्तरांनी डिक्शनरी मिटली नाही. मिटली असती तर डोक्यानं सांगावं लागलं असतं. त्यांनी बोट त्या शब्दावर तसंच दाबून धरलं आणि पाढे म्हणावेत तशा सुरात पुन्हा सुरुवात केली, "रिडिक्यूल. म्हणजे उपहास, थट्टा, टिंगल, टवाळी, हेटाळणी, कुचेष्टा."

छबूबाईनं शाळेच्या ओट्यावर बूड टेकलं आणि कपाळाला हात लावला.

"हे म्हंजे वैदूनं जुलाबाची आन खोकल्याची एकच पुडी दिल्यावानी झालं. अवो मास्तर, थट्टा म्हंजे समोर बसून करायची, दोगींनी हसायचं. टिंगल म्हंजे मानूस उठून गेल्यावर. टवाळी ती पारावरची रिकामटेकडी करत्यात, येनाऱ्या-जानाऱ्याची. हेटाळनी वरच्यानं खालच्याची. आन कुचेष्टा म्हंजे तर पाप. लंगड्याला लंगडं म्हनून हसायचं. एवढं समदं एका शब्दात कोंबलं कुनी?"

"इंग्रजांनी."

"त्येंच्यात इहिनी नसत्यात वाटतं."

"आणि उपहास राहिला की तुमचा."

"त्यो मला ठावं न्हाई. त्यो पुस्तकात करत असत्याल."

मास्तर हसले. छबूबाई हसली नाही. आज बुधवार होता, मुदतीचा तिसरा दिवस. दुपारी दोनच्या एसटीनं तिचा लेखी खुलासा तालुक्याच्या कचेरीत पोचला नाही, तर चौदा वर्षांची अंगणवाडी तिच्या हातातून जाणार होती.

बेलटेक हे गाव सोनईच्या पलीकडं, कालव्याच्या टोकाला. पाणी तिथवर येतं ते वास घेण्यापुरतं. गावात शाळेच्या दोन खोल्या आणि त्यांना चिकटून पत्र्याची तिसरी, ती अंगणवाडी. छबूबाई तिथली सेविका. शिक्षण सातवी, वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज असा की कालव्यापलीकडच्या रानातला माणूस जेवायला उठावा. चौदा वर्षांत गावातलं एकेक पोर तिच्या वजनकाट्याला लटकून मोठं झालं होतं. त्यातली काही आता मिशा राखून फिरत, पण तिला पाहिली की अजून विडी मागं लपवत.

तिचं दुसरं काम बिनपगारी होतं. गावात लग्न असलं की विहिणीला गाणी म्हणायची ती छबूबाईनं. विहीण, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, जेवायला बसली की मुलीकडच्या बायकांनी भोवती उभं राहून तिची थट्टा करायची. तिच्या लुगड्याची, तिच्या पानातल्या लाडवांची, तिच्या आणलेल्या आहेराची. विहिणीकडच्या बायकांनी तिथल्या तिथं उलट गाणं म्हणून ती फेडायची. गाणी झाली नाहीत, तर विहीण रुसून ताटावरून उठते. आमची दखलच घेतली नाही म्हणते. पाच गावांत छबूबाईला बोलावणं असायचं, कारण ती जागेवर जोडून म्हणायची. आणि तिचा एक नेम होता. गाण्याला उभं राहायच्या आधी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारायचं, "झाकायचं काय हाय?" विहिणीच्या घरात कुणी वेडं असतं, कुणी पळून गेलेलं असतं, कुणाचा हात तुटलेला असतो. ते बाजूला ठेवायचं. बाकी सगळं उघडं.

नऊ तारखेला तिचा चुलत दीर पुंजाराम याच्या भारतीचं लग्न झालं. नवरा मुलगा नितीन, साखर कारखान्यात केमिस्ट. आणि त्याची आई म्हणजे तालुक्याच्या कचेरीत दोन महिन्यांपूर्वी आलेल्या मॅडम. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्या त्यांच्या हाताखाली. म्हणजे छबूबाईची साहेबीण आणि छबूबाईची विहीण एकाच पाटावर बसली होती.

"छबे, जरा बेतानं," म्हणून चार बायकांनी तिला कोपरानं ढोसलं होतं.

"मांडवात साहेब नसतो," ती म्हणाली होती, "मांडवात इहीन असती."

आणि तिनं सूर लावला होता.

*इहीन आली जीपातनं, पर्स तिच्या हातात,*
*पर्स उघडून पाहिली तर भाकर-ठेचा त्यात.*

*इहीन आमची शिकलेली, चष्मा लावून बसली,*
*आमटीतली मिर्ची तिला लवंग म्हनून दिसली.*

मॅडम हसल्या होत्या. चांगल्या दात दिसेपर्यंत. पर्स उघडून दाखवली, भाकर नाही म्हणाल्या. एवढी मोठी साहेबीण अशी हसली म्हणून छबूबाईला चेव आला. मग आणखी तीन-चार कडवी झाली, आणि मॅडम एकाएकी उठल्या. अर्धं पान तसंच टाकून हात धुवायला गेल्या, त्या परत बसल्या नाहीत. छबूबाईला वाटलं, आमटी झोंबली. तिनं आचाऱ्याला जाऊन चार शब्द सुनावलेसुद्धा.

आणि परवा, सोमवारी, मॅडमच्या कचेरीचं पाकीट आलं. पत्र सगळं सरळ मराठीत होतं. 'आमच्या निदर्शनास आले आहे की' पासून 'तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपली मानधनी सेवा समाप्त का करण्यात येऊ नये' पर्यंत. फक्त मधोमध, जिथं गुन्हा लिहायचा तिथं, इंग्रजी अक्षरांत तो एक शब्द. आपण वरिष्ठांचे जाहीररीत्या 'रिडिक्यूल' केले. डाळीत खडा यावा तसा. आधी दाताखाली आला, मग कळला.

दोन दिवस छबूबाई तो शब्द घेऊन फिरत होती. सोसायटीच्या सेक्रेटरीनं सांगितलं, "अपमान." पोस्टमननं सांगितलं, "शिवी." सोनईच्या एसटीडी बूथवाल्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "हा कायद्यातला शब्द हाय, वकील बघा." म्हणून शेवटी मास्तर. आणि मास्तरांनी सहा ओतले.

"बरं हुईल तुमचं," असं म्हणून ती ओट्यावरून उठली. त्यात आशीर्वाद किती आणि वैताग किती, हे मास्तरांना कळलं नाही.

अंगणवाडीत भिमाबाई मटकी निवडत बसली होती. भिमाबाई मदतनीस. छबूबाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, बौद्धवाड्यातली, बोलायला आखूड. पोरं भिंतीकडं तोंड करून गोल-गोल काहीतरी काढत होती.

"कळला का?" भिमाबाईनं मान वर न करता विचारलं.

"कळला. सहा वेळा कळला."

तेवढ्यात दारात एम-एटी फुरफुरली आणि पुंजाराम आत आला. त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद होता.

"वैनी, कशाला डोकं शिनवता? म्या तालुक्याला जाऊन आपल्या ओळखीच्या क्लार्ककडनं लिवूनच आनलंय. फकस्त सही करा."

छबूबाईनं कागद उलगडला. 'मी मा. मॅडम यांचे रिडिक्यूल केले हे मला मान्य असून त्याबद्दल मी बिनशर्त क्षमा मागते.'

"म्हंजे सहाच्या सहा कबूल?" ती म्हणाली.

"कसले सहा?"

"तुमाला न्हाई कळायचं. भावजी, ह्या कागदावर सही केली, तर मी त्या बाईची कुचेष्टा केली असं माझ्या नावावर कायमचं लागतंय. उद्या पाच गावांत कुनी मला मांडवात उभी करील का? आन पोरांच्या आया काय म्हनतील?"

"गानी मोठी का नोकरी मोठी?"

"नोकरी मोठी. म्हनून तर खोटं लिवनार न्हाई. एकदा खोटं कबूल केलं की मानूस कायमचं दबतंय."

"आन माझ्या भारतीचं काय? ती सासूच्या पुढ्यात हाय तिथं!" पुंजारामचा आवाज चढला. "इहीनबाईचा राग आन सायबाचा राग एकाच डोक्यात हाय, वैनी. तुमी हितं शब्द चिवडत बसा, तिकडं माझी पोर रोज..." तो पोरांच्या बसकरावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

छबूबाईला त्याची दया यायला हवी होती. तिला चीड आली. जो तो तिच्या हातात पेन देत होता आणि काय केलं ते कुणीच सांगत नव्हतं.

"बस हितं," भिमाबाई म्हणाली. तिनं सूप पुढं सरकवलं. "निवड. आन काय गायलीस त्ये एकेक म्हन."

"आता? गानं?"

"हळू म्हन. पोरं नाचायला लागतील."

मग छबूबाई मटकी निवडत एकेक कडवं म्हणायला लागली. पर्सचं म्हटलं. भिमाबाई म्हणाली, "थट्टा." मिरचीचं म्हटलं. "थट्टा. चष्म्याला काय, आता समद्यांनाच लागतोय." जीपच्या ड्रायव्हरनं चार लाडू खाल्ले, ते म्हटलं. "थट्टा. आन त्यानं खाल्लेच हुते."

"मंग मी काय म्हनते? समदी थट्टाच हाय."

"दम धर. तुला येक सांगू का? मला डिक्शनरी लागत न्हाई. आमच्या म्हताऱ्याला तुमच्या वाड्यावरची मानसं हाका मारायची, त्येबी हसूनच मारायची. पंगतीतलं उरलं-सुरलं वाढताना गानीबी म्हनायची. पर त्याला उलट म्हनता येत नव्हतं. समोरच्याला उलट म्हनता आलं की थट्टा. न्हाई आलं की दुसरं कायतरी. आता ह्या बाईला उलट म्हनता आलं का?"

छबूबाईचा हात सुपात थांबला. मॅडमसोबत जीपमधून आलेल्या पाच बायका शहरातल्या होत्या. कुणालाच गाणं येत नव्हतं. त्या नुसत्या एकमेकींकडं बघत होत्या.

"पर ती हसत हुती गं!"

"कुटवर?"

छबूबाई आठवायला लागली. लाडवापर्यंत हसत होती. त्याच्या पुढचं कडवं... ते काही तिनं नवं जोडलं नव्हतं. ते तिचं हुकमाचं होतं, दर लग्नात म्हणायची, फक्त बाजाराचं गाव बदलायची. मांडवात विहिणीशेजारी व्याही दिसला नाही की ते यायचंच.

*इहीन आली एकली गं, याही कुठं ठिवला?*
*सोनईच्या बाजारात का कांद्यासंगं इकला?*

भिमाबाई पुंजारामकडं बघायला लागली. पुंजाराम गुडघ्यावरच्या टोपीकडं बघत होता.

"भावजी," छबूबाई सावकाश म्हणाली, "याही लग्नाला आले न्हाईत. तुमी म्हनलात, नगरला कामात अडकलेत, अक्षदांला पोचतील. कंच्या कामात अडकलेत?"

"आता त्ये जाऊ द्या की वैनी."

"कंच्या कामात?"

"बारा वर्सं झाली," पुंजाराम टोपीला म्हणाला. "त्यानं तिकडं नाशकाला दुसरं घर केलंय. ह्या बाईनं येकलीनं पोरगं वाढवलं, शिकली, सायेब झाली. गावाला कशाला सांगायचं म्हनलं. पोरीच्या सोयरिकीला बट्टा लागतो."

छबूबाईनं हातातली मूठभर मटकी सुपात आपटली. दाणे उडाले, दोन पोरांनी वळून पाहिलं.

"म्या तुमाला इचारलं हुतं! हळदीच्या दिवशी, इहिरीच्या कडंला बाजूला घिऊन इचारलं हुतं, झाकायचं काय हाय? तुमी काय म्हनलात? काय बी न्हाई वैनी, सोन्यावानी मानसं, खुशाल उघडा. अवो, ज्याच्यापासनं झाकायचं न्हाई त्याच्यापासनंच झाकलंत! गावाला म्या सांगितलं असतं का? आजवर किती घरांचं ह्या पोटात हाय, तुमचं धरून! हजार मानसांत त्या बाईला म्या इचारलं, नवरा इकला का म्हनून. कांद्यासंगं!"

पुंजारामलाही बोलल्याशिवाय राहवेना. "मला काय ठावं तुमी त्येच म्हनताल..."

"दर लग्नात म्हनते! तुमच्या सोताच्या लग्नातबी उलट गान्यात म्हनलं हुतं!"

ती खाली वाकून उडालेले दाणे वेचायला लागली. मग छबूबाईच्या डोक्यात एक गोष्ट उशिरा शिरली, आणि शिरली ती बसलीच.

"भिमाबाई, म्हनून तिनं इंग्रजीत लिवलंय गं."

"व्हय. मराठीत लिवलं असतं तर काय गायली त्ये लिवावं लागलं असतं. कचेरीतला शिपाईबी वाचतो. त्यो शब्द न्हाई, पदर हाय त्यो."

आता पंचाईत दुप्पट झाली. खरं लिहावं तर मॅडमचं घर फायलीत उघडं पडतं. खोटं लिहावं तर स्वतःचं तोंड काळं होतं. आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. छबूबाईनं पोरांच्या हजेरीपटातून एक कोरा कागद फाडला, बॉलपेन झटकलं, आणि वजनकाट्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहायला बसली. दोनदा भिमाबाईला शब्द विचारला, एकदा पुंजारामला गप बसवलं. लिहिलं ते असं:

'माननीय मॅडम यांना, बेलटेकच्या सेविकेचा खुलासा. लग्नात विहिणीला गाणी म्हणायची आमच्याकडे रीत आहे. त्याप्रमाणे मी म्हटली. ती थट्टा होती. थट्टेची मी माफी मागत नाही. त्यातली एक ओळ म्हणायला नको होती. ती कोणती ते तुम्हाला व मला माहीत आहे, म्हणून कागदावर घालत नाही. मला ते आधी माहीत नव्हते. पण माहीत करून घेणे माझे काम होते. तेवढ्या ओळीची मी माफी मागते. ती ओळ इथून पुढे कोणत्याच मांडवात म्हणणार नाही. पत्रातल्या इंग्रजी शब्दाचे सहा अर्थ निघतात. सगळे माझे नाहीत, म्हणून तो मी मान्य करू शकत नाही. उलट गाणे म्हणायचा तुमचा मान राहून गेला आहे. केव्हाही येऊन घ्यावा.'

"पुंजारामचं नाव घाल की," भिमाबाई म्हणाली. "त्यानं सांगितलं न्हाई म्हनून."

"नगं. भारतीला तिथं नांदायचंय."

पुंजारामनं नाक ओढलं आणि क्लार्कचा टाईप केलेला कागद उचलून हळूच परत खिशात घातला. तोच मग एम-एटीवर खुलासा घेऊन गेला. एसटीचा भरवसा नको म्हणाला.

त्यानंतरचे दिवस छबूबाईनं वैतागातच काढले. पोस्टमन सायकलवरून वळला की तिचं वजन चुकायचं. एका पोराचं एका महिन्यात चार किलो वाढलं, त्याच्या आईनं पेढे वाटायचे बाकी ठेवले. मास्तर रोज ओट्यावरून विचारायचे, "काय, आला का सातवा अर्थ?" आणि ती रोज म्हणायची, "तुमची डिक्शनरी चुलीत घाला."

सतराव्या दिवशी जीप आली.

मॅडम उतरल्या. तोच चष्मा, तीच पर्स. छबूबाई हात पुसत दारात उभी राहिली. मॅडमनी तिच्याकडं पाहिलंच नाही. हजेरीपट मागितला. फाडलेल्या पानाची जागा दिसली, त्यावरून बोट फिरवलं. वजनाचं रजिस्टर मागितलं. चार किलोवाल्या पोराला बोलावून स्वतः काट्याला लटकवलं आणि आकडा खोडून नवा घातला. धान्याची कोठी उघडून पाहिली. मग पातेल्यातली उसळ चमच्यावर घेतली, चावली, तोंड केलं.

छबूबाई सगळा वेळ गप्प होती. तिच्या जन्मात ती एवढा वेळ गप्प राहिली नव्हती.

मॅडम परत निघाल्या. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबल्या. ड्रायव्हर पुढं बसला होता; त्याला ऐकू जाणार नाही इतक्या खाली आवाजात म्हणाल्या, "खुलासा फायलीला लावलाय. समाधानकारक, असा शेरा मारून."

"व्हय मॅडम."

मॅडम अजून तशाच उभ्या. चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. मग इकडं-तिकडं बघून, पहिलीतलं पोर कविता म्हणायला उभं राहावं तसं, एका दमात म्हणाल्या:

"सेविका आमची छबूबाई, आवाज तिचा ढोलाचा, उसळ मात्र कच्ची तिची, आणि..." अडल्या. पुढचं सुचेना. कान लाल झाले. "आणि आकडा खोटा वजनाचा."

बोलून झाल्यावर त्या पटकन जीपमध्ये बसल्या. जीप धुरळा उडवून गेली.

छबूबाई धुरळ्यात उभी राहिली. तिचा जबडा खाली आला होता. मग तिला एकदम सगळ्याचाच राग आला. सतरा दिवसांचा, सहा शब्दांचा, पुंजारामच्या टोपीचा.

"आता बग, ह्याला काय यमक म्हनायचं?" ती भिमाबाईवर उखडली. "ढोलाचा आन वजनाचा! पाच वर्सांचं पोर बरं जोडंल! आन उसळ कच्ची म्हनती! चौदा वर्सांत कुनी म्हनलं न्हाई, उसळ कच्ची!"

भिमाबाईनं पातेल्यात बोट घातलं, एक दाणा काढला, चाखला, विचार केला.

"यमकाचं मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर उसळ कच्ची हाय."

छबूबाईनं तिच्या हातातून पळी हिसकावली, पातेलं खसकन परत स्टोव्हवर चढवलं आणि वर गडूभर पाणी ओतलं. "ए, गप बसा रं सगळी!" ती पोरांवर ओरडली. पोरं आधीच गप होती. मग तिनं स्टोव्हला पंप मारला, खोडलेल्या आकड्याचं पोर बकोटीला धरून पुन्हा काट्याला लटकवलं, आणि चष्मा नसलेले डोळे बारीक करून काटा कुठं थांबतो ते बघत राहिली.